निवासी शाळेच्या कथांतील मैत्री व बंड : डोंबिवली (पूर्व)च्या विशेष संदर्भात

डोंबिवलीची मुले शाळेत डबा घेऊन जातात आणि रिकामा डबा घेऊन घरी येतात; त्यांचा बोर्डिंगशी संबंध काय, असा आक्षेप या विषयावर घेतला जाणार हे आम्ही धरूनच चाललो आहोत. आक्षेप वरवरचा आहे. बोर्डिंग डोंबिवलीत इमारतीच्या रूपाने भेटत नसेल, पण धमकीच्या रूपाने ते घरोघर आहे. प्रगतिपुस्तकातली लाल रेघ, फुटलेली काच, शेजारच्या काकूंची तक्रार, यांपैकी कुठलेही निमित्त पुरते आणि वाक्य बाहेर पडते : ‘थांब, तुला बोर्डिंगातच टाकते.’

या धमकीचे भौगोलिक वर्गीकरण करता येते. मुलगा नुसताच उनाड असेल तर पाचगणी. उनाड असून धट्टाकट्टा असेल तर नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल, जी डॉ. मुंजे यांनी १९३७ साली काढली. घरात कोणी सैन्यातले असेल तर साताऱ्याचे सैनिक स्कूल, १९६१चे, देशातले पहिले. साताऱ्याला प्रवेशपरीक्षा असते ही गोष्ट धमकी देताना कोणी विचारात घेत नाही. ती परीक्षा पास होणारा मुलगा मुळात धमकीला पात्रच ठरला नसता. पाचगणीची धमकी वडील फीची चौकशी करून येईपर्यंत टिकते. शिवाय पाचगणीला मुलगा सुधारतो या समजुतीला पुरावा द्यायचा तर सेंट पीटर्सचा द्यावा लागेल. तिथे फारुख बलसारा नावाच्या विद्यार्थ्याने शाळासोबती जमवून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड केला आणि पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला. डोंबिवलीतली कुठलीही आई हा निकाल सुधारणेच्या खात्यात मांडणार नाही.

आता पुस्तकांची बाजू. ठाण्याला गाडी आली १८५३ साली, कल्याणला १८५४ साली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय निघाले १८६४ साली आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली. म्हणजे या भागात आधी गाडी आणि मग वाचन असा क्रम दिसतो. त्या काळी गाडीत बसायला जागा मिळत असावी, एवढे अनुमान यातून निघते. पुढे डोंबिवलीत गल्लोगल्ली खासगी लायब्रऱ्या झाल्या आणि त्यांच्या फळ्यांवरून एनिड ब्लायटन घरात शिरली. वन-रूम-किचनमध्ये पाच माणसांत वाढणारे पोर माळ्याखाली पालथे पडून डॉर्मिटरीची वर्णने वाचू लागले. रात्री दिवा मालवतात, मास्तरीण झोपते आणि मग मुली उठून खातात! इकडे वन-रूम-किचनमध्ये मध्यरात्र अशी होतच नाही. कोणी ना कोणी पाणी प्यायला उठलेले असते. अशा वाचकाला आईने बोर्डिंगची धमकी दिली की तो विचारतो, ‘कधी?’ धमकी तिथेच संपते. वाङ्मयाचा समाजावर परिणाम होतो का, या जुन्या वादाला आमच्यापुरते हे उत्तर पुरेसे आहे.

पाश्चात्त्य पूर्वसूरींचा परामर्श घेणे प्रथेला धरून असल्याने घेतो. १९४० साली ब्लायटनबाईंनी एलिझाबेथ अ‍ॅलन नावाची मुलगी व्हाइटलीफ शाळेत पाठवली. ही मुलगी ठरवून वाईट वागते, कारण तिला हाकलून दिले जायला हवे आहे, म्हणजे घरी जाता येईल. बंडाचा हेतू इतका स्वच्छ दुसरीकडे सापडत नाही. पण मैत्रीण मिळते आणि बंड सैल पडत जाते. शेवटी तिला राहायचेच असते. यावरून आम्ही जो नियम मांडला आहे तो असा : निवासी शाळेत पहिली मैत्री जमली की त्या तारखेपासून बंड उताराला लागते. थॉमस ह्यूजच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’मध्येही (१८५७) हेच घडते. टॉम उनाडक्या करतो, मग आर्थर नावाचा सालस मुलगा त्याच्या गळ्यात बांधला जातो आणि टॉम प्रार्थना करू लागतो. त्याआधी रग्बीच्या शाळेत पाऊल टाकल्यावर त्याला जो पहिला मित्र मिळतो, त्याचे आडनाव ईस्ट. वेस्ट नावाचा मित्र त्याला भेटत नाही, याची रुळांपलीकडच्या वाचकांनी नोंद घ्यावी.

रोलिंगच्या हॅरी पॉटरच्या पाचव्या भागात (२००३) बंड संघटित होते. तिथे हर्मायनी आधी कागदावर सगळ्यांच्या सह्या घेते. उठावापूर्वी सह्या गोळा करणारी ही मुलगी हॉगवर्ट्सपेक्षा गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यकारिणीवर जास्त शोभली असती. अपवाद एकच आणि तो काळजीचा आहे. जॉन नोल्सच्या ‘अ सेपरेट पीस’मध्ये (१९५९) झाडावर उभ्या असलेल्या मित्राच्या पायाखालची फांदी हलते आणि मित्र पडतो. तिथे बंड मास्तरांच्या विरुद्ध नाहीच, मैत्रीच्याच विरुद्ध आहे. ही कादंबरी दहावीच्या आधी मुलांच्या हाती देऊ नये. दहावीत आधीच पुरेसे मित्र एकमेकांच्या टक्केवारीकडे डोळा ठेवून असतात.

मराठीत आल्यावर पहिला प्रश्न पोटाचा उभा राहतो. ब्लायटनच्या मुली पोटभर जेवून वर मध्यरात्री सार्डिन आणि केक खातात. आमच्याकडच्या विद्यार्थ्याची अडचण संध्याकाळी सातलाच सुरू होते. वार लावून जेवणे ही आपली मूळ निवासी व्यवस्था. सात दिवस, सात घरे, सात यजमानीणबाई आणि कुठल्याच घरी दुसऱ्यांदा भात मागायचा नाही. इंग्रजी शाळेला एक हेडमास्तर असतो. या व्यवस्थेत सात, आणि प्रत्येकाच्या हाती पळी. इथे बंड करायचे तर ते सोमवारच्या घरी करावे, कारण सोमवारी अनेकांकडे तसाही उपास असतो. मंगळवारी बंड करणाऱ्याचा शास्त्राने विचार केलेला नाही.

पण महाराष्ट्रातल्या बोर्डिंगच्या इतिहासातले खरे बंड आंघोळीवरून झाले आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी बोर्डिंगे काढली किंवा काढणाऱ्यांना हात दिला. त्यांतल्या जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील नावाचा अंगापिंडाने दणकट मुलगा राहत होता. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंगचे उद्घाटन झाले, तेव्हा हा मुलगा तिथे गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आले की आंघोळ कर, मग जेवायच्या पंक्तीला बस. त्याने आंघोळ करायला नकार दिला. त्याला बोर्डिंगातून काढून टाकले.

यातली गंमत पाहावी. ठाण्यापासून कल्याणपर्यंत दर रविवारी सकाळी हजारो मुले आंघोळ करायला नकार देतात आणि त्यांच्या पाठीत धपाटा बसतो. बाह्य कृती तंतोतंत तीच. पण एकात आळस आहे आणि दुसऱ्यात माणसाला शिवल्याने माणूस विटाळत नाही हा आग्रह आहे. बंडाचे मोल कृतीवरून ठरवू पाहणाऱ्या सगळ्या समीक्षेची या बादलीपाशी फजिती होते. मैत्रीची व्याख्याही इथे बदलते. एलिझाबेथ अ‍ॅलनची मैत्री एका खोलीतल्या मुलीशी होती आणि तिने बंड विझवले. भाऊरावांचे सख्य ज्यांच्याशी जुळले ती मुले दुसऱ्याच बोर्डिंगात होती आणि त्या सख्यातूनच बंड पेटले. म्हणजे वर मांडलेला आमचा नियम कोल्हापुरात चालत नाही. तो मागे घ्यावा की कोल्हापूर अपवाद धरावे? विद्यापीठीय शिरस्ता दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे; आमचे मत पहिल्याच्या.

आंघोळीवरून हाकललेला हा मुलगा पुढे स्वतःच बोर्डिंग काढतो, हे कथानक ब्लायटनबाईंना सुचले नसते. १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग, आणि त्यात सगळ्या जातींची मुले एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवणारी. १९२७ साली गांधीजी येऊन ते पाहून गेले. मुलांच्या धान्याची तजवीज होईना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र विकायला काढले. जिथे रात्रीच्या भाकरीसाठी रेक्टरच्या बायकोचे मंगळसूत्र गेलेले आहे, तिथे मध्यरात्री उठून चोरून खायचे काय आणि कोणाविरुद्ध?

याच प्रकारची पंचाईत अमळनेरला झाली. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडत, अंथरुणे घड्या घालून ठेवत, कंदिलाच्या काचा पुसत. जगातल्या सगळ्या निवासी कथांत रेक्टर हा पाळत ठेवणारा प्राणी असतो. जो तुमची वळकटी बांधून ठेवतो त्याच्याविरुद्ध बंड कसे करावे, याचे मार्गदर्शन ह्यूज, ब्लायटन किंवा रोलिंग यांपैकी कोणीही करत नाही. फार तर आपले अंथरूण आपणच लवकर उठून आवरून ठेवावे आणि गुरुजींना हरवावे. हेच घडावे असा त्यांचा बेत होता, असा आमचा संशय आहे.

पुढच्या काळातले मराठी साहित्य थोडक्यात आटोपतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घराने फुरसुंगीचा आणि शाळेने पुण्याचा. पण तो सायकलवरून इतका बाहेर असतो की शाळेला त्याच्याविषयी तक्रार करायला वेळच मिळत नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन (‘वनवास’, १९९४) आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहतो. असे रेक्टर असल्यावर बंड होत नाही, आठवण तेवढी येते. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’त (२००४) मात्र आमच्या परिसराशी जुळणारा एक महत्त्वाचा शोध आहे : बांधकाम अर्धवट पडलेली इमारत. नववीतले चार मित्र तिथे बसतात. घर नाही, शाळा नाही, दार नाही आणि काकू नाहीत. काळ आणीबाणीचा. देशात मोठ्यांच्या बंडाला बंदी असताना या चौघांतल्या एकाचे सगळे बंड एका मुलीकडे बघण्यात मावते. अर्धवट इमारतींच्या बाबतीत कल्याण-डोंबिवली कधीच गरीब नव्हती, त्यामुळे या वसतिगृहात प्रवेश सर्वांना आणि फी शून्य.

आता मूळ क्षेत्रकार्य. बोर्डिंग नसलेल्या गावाने बोर्डिंगची गरज कशी भागवली? उत्तर : रात्रअभ्यासिका. घरे लहान, भावंडे मोठ्याने पाढे म्हणणारी, टीव्ही एकाच खोलीत. म्हणून जानेवारी ते मार्च कुठल्या शाळेचा तळमजला, कुठल्या मंडळाची खोली दहावी-बारावीच्या मुलांना रात्री उघडून दिली जाते. सतरंजी घरून. डासांची कॉइल वर्गणीतून. दाराशी एक नोंदवही असते, तिच्यात नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि ‘कारण’ असे रकाने आखलेले, आणि तिच्यामागे लोकरी टोपी घातलेला वॉचमन, ज्याला सगळे मामा म्हणतात. साडेबारापर्यंत बीजगणित चालते. एकच्या सुमाराला कोणीतरी पुस्तक मिटतो आणि ‘कारण’ या रकान्यात लिहितो : चहा.

चहा हे साहित्यातले नाव आहे. प्रत्यक्षात चौघे स्टेशनाकडे जातात, जिथे शेवटच्या गाड्यांच्या माणसांसाठी भुर्जीची गाडी उभी असते. तिचे जवळून निरीक्षण केले असता असे दिसते की गाडीवाला कांदा आधी तव्याच्या कडेला लोटतो, मधल्या खळग्यात तेल, हिरवी मिरची, मग एका हाताने दोन अंडी एकदम फोडतो आणि उलथन्याच्या कडेने तवा असा बडवतो की फलाट क्रमांक एकपर्यंत ऐकू जावे. पाव त्याच तव्यावर पालथे दाबले जातात. दोन प्लेट भुर्जी, जादा पाव आठ, हिशेब चौघांत. चौघांपैकी दोघांच्या घरात अंडे चालत नाही. घरात फ्रिजला अंड्यांची खाच आहे आणि तिच्यात लिंबे ठेवलेली आहेत. या दोघांची रात्र म्हणजे दुहेरी बंड : भूमितीच्या विरुद्ध आणि आजीच्या विरुद्ध.

मैत्रीचा प्रत्यय येतो तो परतताना. कांद्याच्या वासाचा खुलासा करता येतो, अंड्याच्या नाही. म्हणून ज्याच्या घरी अंडे चालते तो मित्र आपले जर्किन काढून दुसऱ्याला खाण्यापूर्वीच देतो, खाऊन झाल्यावर परत घेतो आणि वास स्वतःच्या घरी नेतो. जागतिक वाङ्मयातल्या निष्ठेच्या एवढ्या उदाहरणांत जर्किनाचे उदाहरण कुठे दिसले नाही. ब्लायटनच्या मेजवानीत कोणीतरी चुगली करतेच आणि त्यावर पुढची चार प्रकरणे चालतात. इथे चुगलीची सोयच नाही, कारण मामांना सगळे ठाऊक असते. सकाळी मुलाला न्यायला आलेले वडील मुलाकडे न बघता मामांना विचारतात, ‘गाडी अजून त्याच कोपऱ्यावर असते का हो?’

एका विरुद्ध पुराव्याची नोंद करणे भाग आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई व आजूबाजूच्या कित्येक शाळा त्या एका रात्रीपुरत्या निवासी झाल्या. मुले बाकांवर झोपली, शिक्षक जागे राहिले, आसपासच्या घरांतून खाणे आले. एनिड ब्लायटनच्या कल्पनेतली सगळी सामग्री हजर असून बंड शून्य. घराकडची वाट पाण्याखाली होती. पळून जायची जागा शाबूत असेल तरच पळून जाण्यात राम असतो, असे त्यावरून म्हणता येईल.

आतापर्यंतच्या मांडणीत एक मोठे भोक आहे आणि ते चाणाक्ष वाचकांना, विशेषतः वाचिकांना, केव्हाच दिसले असेल. ब्लायटनच्या सेंट क्लेअर्स आणि मॅलरी टॉवर्स या मुलींच्या शाळा. त्या मालिका लायब्रऱ्यांतून नेल्या त्याही बहुतेक मुलींनी. मध्यरात्रीच्या मेजवानीची स्वप्ने मुलींनी पाहिली आणि भुर्जी खाल्ली मुलांनी, कारण रात्रअभ्यासिका मुलांची. मुलीला फार तर ‘मैत्रिणीकडे अभ्यासाला’ मिळते. तिथेही दहाच्या ठोक्याला फोन येतो आणि तो मैत्रिणीच्या आईला द्यावा लागतो. वर्षातून एकदा, दिवाळीच्या पहाटे, फडके रोडवर गणपतीच्या दर्शनाच्या निमित्ताने सगळे तरुण डोंबिवलीकर नटूनथटून जमतात, पण उटणे लावून, आईने काढून दिलेली साडी नेसून केलेल्या गोष्टीला बंड म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही.

इतिहासात मात्र मुलींची बाजू वरचढ आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा त्यात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे त्या धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी, म्हणजे बाया कर्वे झाल्या. टॉम ब्राउनपासून हॅरी पॉटरपर्यंत सगळ्यांनी वसतिगृहात बसून बंड केले. गोदूबाईंचे बंड वसतिगृहात पाऊल टाकण्याचेच होते. दार आतून बंद झाले तेव्हा ते पुरे झाले. कर्व्यांनी १८९६ साली जो आश्रम काढला आणि पुढे हिंगण्याला नेला, तिथेही मुक्कामाला येणे हाच पहिला गुन्हा. अशा ठिकाणी रात्री बारा वाजता केक खाल्ला नाही तरी चालते.

आणि आमच्याच जिल्ह्यात शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळांत आदिवासी मुले पहिलीपासून निवासीच असतात. डोंबिवलीच्या मुलाला जी शिक्षा म्हणून ऐकवली जाते, ती सहा वर्षांच्या पोराला तिथे शाळेची अट म्हणून मिळते. सणाला चालत घरी निघून जाणे हे तिथले बंड, आणि वाटेत लहान भावाला पाठीवर घेणारा मोठा मुलगा ही तिथली मैत्री. ही पुस्तके लिहिण्याचा हक्क त्या मुलांचा आहे. डोंबिवलीने फक्त ती आली की फळीवर पुढे लावावीत.

सबब आमच्या शिफारशी. अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळींनी मुलींसाठीही रात्रीची एक खोली उघडावी, तिच्या दाराशी एक मामी बसवावी आणि स्टेशनापर्यंत जाणाऱ्या रस्त्यावरचे दिवे चालू राहतील असे पालिकेकडून लेखी घ्यावे. रात्री एक ते पावणेदोन दार उघडे ठेवावे. नोंदवहीतला ‘कारण’ हा रकाना मात्र काढून टाकावा. त्यात आजवर चहाशिवाय काहीही लिहिले गेलेले नाही.